मुक्काम अंधेरी, जिल्हा तान्हा

संध्याकाळी सव्वासहाला घाटकोपरला मेट्रोत शिरता आणि चक्क बसायला जागा मिळते. तिथेच तुम्हाला संशय यायला हवा होता. पण दिवसभराच्या कामानं अंग आंबलेलं, डब्यातला गारवा गोड लागलेला, मांडीवरची बॅग उशीसारखी मऊ. तुम्ही डोळे मिटता. असल्फा गेलं, साकीनाका गेलं, मरोळ नाका गेलं. सगळी मिळून बारा स्टेशनं, जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा प्रवास. ‘पुढील स्टेशन वर्सोवा’ हे शब्द अर्धवट झोपेत कानावर येतात, दारं सरकतात आणि नाकावर गुद्दा बसावा तसा वास येतो.

डोळे उघडा. घाबरू नका. बूट मात्र काढून हातात घ्या, कारण तुम्ही वाळूत उभे आहात.

वर्सोवा, म्हणजे वेसावे

वास सुक्या बोंबलांचा आहे. समोर बांबूंच्या उंच वलांड्या उभ्या आहेत आणि त्यांवर हजारो बोंबील लटकलेत. जवळ जाऊन बघा: दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवलेत आणि ती जोडी दोरीवर टाकलीय. ना सुतळी, ना खिळा. माशाचे दात हेच माशाचे चिमटे. दिवसभराच्या उन्हानं ते आखडलेत आणि खाडीवरून वारा आला की एकमेकांवर घासून वाळक्या पानांसारखे सळसळतात. खाली चटयांवर जवळा पसरलाय. त्याच्या राखणीला बसलेली म्हातारी हातातली काठी कावळ्यावर उगारते, तुमच्याकडे बघते आणि काठी तशीच उगारलेली ठेवते.

पलीकडे मढची किनार, तिच्यामागे बुडणारा लालबुंद सूर्य. मागे वळून बघा. मेट्रोचे खांब नाहीत, टॉवर नाहीत. कौलांची आणि झावळ्यांची खालच्या अंगाची घरं, त्यांच्यावर डोकी काढलेले ताड-माड आणि चुलींचा निळसर धूर. पोरांची एक टोळी कुणाच्यातरी कुंपणाचा ओंडका ओढत पळतेय आणि मागून एक बाई त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतेय. शिमगा चार-पाच दिवसांवर आलाय. होळीला लाकूड लागतं, आणि चोरलेलं लाकूड जास्त चांगलं पेटतं यावर इथल्या पोरांची श्रद्धा आहे.

“आलात? बरं झालं. हा कंदील धरा.”

बोलणारे गृहस्थ शाळेतले मास्तर आहेत. डोक्याला टोपी, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, त्यात घामाघूम. काखेत कागदांची चळत, एका हातात दोन दौती. तुमची पँट आणि चष्मा बघून त्यांनी ठरवूनच टाकलंय की तुम्ही तालुक्याहून आलेले कारकून आहात. तुम्ही काही बोलायच्या आत कंदील तुमच्या हातात येतो. काच तापलीय, कडी बोटांना चटका देते, घासलेटाचा वास बोंबलांच्या वासात मिसळतो.

आज १८ मार्च १९२१. आज रात्री खानेसुमारी. संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत सगळा हिंदुस्थान एका दमात मोजायचा आहे, आणि त्यातली ही चाळीस-पन्नास घरं या मास्तरांच्या वाट्याला आलीत. आधीचे काही दिवस फिरून त्यांनी काळ्या शाईनं कच्ची यादी केली आहे, दारांच्या चौकटींवर गेरूनं आकडे टाकलेत. आज फक्त पडताळा. यादीतलं माणूस मेलं किंवा परगावी गेलं, तर लाल शाईची रेघ. नवं मूल झालं, पाहुणा आला, तर लाल शाईत नवं नाव. म्हणून दौती दोन.

“काळी शाई म्हणजे माणसं,” मास्तर म्हणतात, “आणि लाल शाई म्हणजे देवाची करणी. चला.”

पहिल्या घराचा ओटा शेणानं ताजा सारवलेला, पायाला गार लागतो. आत चुलीवर कालवण उकळतंय; चिंच, मिरची आणि ओल्या नारळाच्या वासानं तुमच्या पोटात कालवाकालव होते. मास्तर उकिडवे बसतात, गुडघ्यावर फळी, फळीवर कागद. एका माणसाला सोळा रकाने. धर्म, जात, वय, लग्न झालं की नाही, धंदा, भाषा, लिहिता-वाचता येतं का, इंग्रजी येतं का, आणि सोळाव्यात, आंधळा-मुका-वेडा-महारोगी यांपैकी काही आहे का.

“घरधनी?”

“दर्यावर.”

“उद्या येईल ना?” मास्तर तुमच्या कानात कुजबुजतात, “रात्रीच्या मासेमारीला गेलेला माणूस घरीच धरायचा. हुकूम आहे.” मग मोठ्यानं, “नाव?”

बाई आढ्याकडे बघते. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, हे मास्तरांनाही ठाऊक आहे. पण सरकारला ठाऊक नाही. शेजारीण तोंडावर पदर घेऊन हसते. तेवढ्यात दारामागून एक पोरगं बापाचं नाव ठणकावून सांगतं. त्याच्या पाठीत धपाटा बसतो, पण नाव पडताळून झालेलं असतं.

वयाचं तर विचारूच नका. जवळ्याची राखण करणारी ती म्हातारी आता काठी टेकत ओट्यावर आलीय. तिचं वय? “विहारचा तलाव बांधला नं, तवा मी पदर घ्यायला लागलेली.” मास्तर बोटं मोडत हिशेब करतात. विहार तलाव १८६० चा. पदर घ्यायला लागली म्हणजे दहा-बारा वर्षांची. लिहा, बहात्तर. तिच्या सुनेचा जन्म तुळशीच्या तलावाच्या वर्षाचा, म्हणजे १८७९. थोरला नातू प्लेगातला. सगळ्यात धाकटं पोर मानमोडीच्या पुढल्या पावसातलं. इथे कुणी सन सांगत नाही. तलाव आणि साथी, एवढंच या गावाचं पंचांग. शहराची तहान आणि गावाचा ताप.

मग येतो बारावा रकाना: जन्म कोणत्या जिल्ह्यात?

“वेसाव्यात,” म्हातारी सांगते.

“गाव नव्हे आजी, जिल्हा.”

“जिल्हा कंचा? आमची पाखाडी ही.”

मास्तर टोपी काढून घाम पुसतात आणि कुणी विचारलेलं नसताना तुम्हाला वाळूत काडीनं नकाशा काढून दाखवतात. हे साष्टी बेट. आत्ताआत्तापर्यंत हा सगळा एक तालुका, साष्टी, आणि जिल्हा ठाणे. वीस वर्षांमागच्या मोजणीत वांद्रे, ठाणे, कुर्ला ही तीन गावं शहरं म्हणून धरली होती, बाकी १२८ खेडी, आणि सगळी मिळून माणसं १ लाख ४७ हजारांच्या आसपास. गेल्या साली, १९२० मध्ये, सरकारनं या बेटाच्या मधोमध रेघ मारली. मास्तरांची काडी वाळूत खसकन ओढली जाते. वरचा तुकडा उत्तर साष्टी, तो कल्याण तालुक्याच्या पदराला महाल म्हणून बांधला. खालचा दक्षिण साष्टी, त्यात ८४ गावं, आणि त्याचा केला नवा जिल्हा: मुंबई उपनगर.

“आता सांगा,” मास्तर विचारतात, “ही बहात्तर वर्षांची बाई कुठल्या जिल्ह्यात जन्मली? ठाण्यात. पण इथून हललेली तर नाही. जिल्हाच तिच्या पायाखालून सरकला.”

तुम्हीही अनोळखी माणूस, आणि आज रात्री गावात आहात. म्हणजे तुम्हालाही मोजायला हवं. मास्तर लाल दौतीत टाक बुडवतात. नाव झालं, वय झालं, धंद्यापाशी तुम्ही काहीतरी पुटपुटता आणि ते ‘कारकुनी’ लिहून मोकळे होतात. जन्मजिल्हा? तुम्ही अंधेरीचे. छाती पुढे काढून सांगता: “मुंबई उपनगर.”

ओट्यावरची सगळी माणसं हसायला लागतात. मास्तरांच्या टाकातून शाईचा थेंब कागदावर पडतो.

“अहो, जिल्हा अजून तान्हा आहे. त्यात जन्मलेले म्हणजे जे पाळण्यात आहेत ते. तुम्ही एवढे चाळिशीचे घोडे, त्यात कसे जन्मलात?”

आणि तुमच्या डोळ्यांदेखत, तुम्ही जन्मभर ‘आम्ही मुंबईकर’ म्हणून ज्याच्यापासून चार बोटं वर राहिलात, तो शब्द ते लाल शाईत लिहितात. ठाणे.

वर एक चिठ्ठी हातात देतात: मोजलेला आहे. “पुढल्या गावात दाखवा. नाहीतर ते पुन्हा मोजतील.”

आझाद नगर, म्हणजे आंबोली

अंधेरी स्टेशनला सुकी मासळी घेऊन निघालेल्या बैलगाडीत तुम्हाला जागा मिळते. टोपल्यांना टेकून बसा. कपड्यांची आशा सोडा. चाकाला वंगण कमी पडलंय, ते दर फेऱ्याला किंचाळतं. वर अर्ध्याहून थोडा मोठा चंद्र आलाय. दोन्ही अंगांना कापणी झालेली भातशेतं, त्यांत धसकटं, आणि बांधाबांधावर ताडाची झाडं. एका झाडाच्या शेंड्याकडून खरवडल्याचा आवाज येतो. भंडारी वर आहे. खाली मडकं उतरतं, त्याला भुंगे लगडलेत. ताज्या ताडीचा वास गोड आणि किंचित आंबूस असतो, पहाटे उघडलेल्या इडलीच्या पिठासारखा. गाडीवान एक पेला घेतो, तुम्हाला विचारतो. तुम्ही उद्याच्या ऑफिसचा विचार करून नको म्हणता. उद्याचं ऑफिस अजून शंभर वर्षं लांब आहे, हे तुमच्या लक्षात येतं तेव्हा गाडी पुढे गेलेली असते.

आणि मग शिंक. एक, दोन, सलग सात. आंबोलीच्या गावठाणात तुम्ही शिरलात आणि घराघरांत बाटली मसाला कुटायचं काम सुरू आहे. अंगणात लाकडी उखळ, दोन बायका आळीपाळीनं मुसळ घालतायत, धप्, धप्, आणि भाजलेल्या मिरच्यांचा खाट हवेत तरंगतोय. मसाला तयार झाला की तो गडद काचेच्या बाटल्यांत दाबून भरायचा, वर्षाची बेगमी. बायकांची लुगडी कोळणींसारखीच आखूड, पण गळ्यात क्रूस. हे इथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती. सेंट ब्लेझच्या चर्चला हे ‘देऊळ’ म्हणतात आणि भाषेचा रकाना आला की न अडखळता ‘मराठी’ सांगतात.

आज शुक्रवार आणि उपासकाळ. मटण नाही, डुक्कर नाही, म्हणून प्रत्येक चुलीवर मासळी. येता रविवार झावळ्यांचा. गावाच्या तोंडाशी पांढरा क्रूस उभा आहे, त्याच्या पायरीवर मेणबत्त्या वितळून थापल्यात, आणि चार-सहा बायका एका सुरात प्रार्थना म्हणतायत. वाऱ्यावर तो सूर कधी ओवीसारखा वाटतो, कधी आरतीसारखा.

इथला मोजणीदार वेगळा, त्याचा कंदील वेगळा, खाकरणं मात्र मास्तरांसारखंच. तो तुमची चिठ्ठी कंदिलाजवळ धरून वाचतो आणि मान डोलावतो. त्याच्यामागून तुम्ही गल्लीत शिरता. गेरूचे आकडे एकामागून एक जातात: एकोणीस, वीस, एकवीस. मग एक घर, ज्याच्या चौकटीवर आकडाच नाही. ओट्याचा पोपडा निघालाय, दाराच्या कडीत काटक्या अडकवल्यात, तुळईवरून कोळिष्टकं लोंबतायत. त्याच्या पुढच्या घरावर बावीस.

“मानमोडी,” तो म्हणतो आणि थांबत नाही.

तीन वर्षांपूर्वी तो ताप आला. मान मोडून पडायची, म्हणून मानमोडी. एक घर सगळंच गेलं. आज रात्रीचे आकडे पुढे जुळतील तेव्हा दिसेल की आजच्या भारताच्या हद्दीतली माणसं दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी थोडी कमीच भरली. पण ते दिसायला सगळ्या देशाची बेरीज व्हावी लागेल. इथे ते एका चौकटीवर, न लिहिलेल्या आकड्यात दिसतंय.

अंधेरी, म्हणजे अंधेरीच

अंधेरीचं स्टेशन बघून तुम्हाला रडू येईल. रिकामं आहे हो! तुम्ही फलाटावर हात पसरून गोल फिरू शकता. कुणाचं कोपर लागत नाही, कुणाची बॅग बरगडीत घुसत नाही. दोन-तीन कंदील, एक घंटा, वजनकाट्यावर झोपलेलं कुत्रं. तिकिटाच्या खिडकीपाशी एक कारकून टेबल मांडून बसलाय. गाडीतून उतरणाऱ्याला विचारतो, कुठे मोजलं का? नसेल तर इथेच सोळा रकाने. माणूस रात्रीत दोन ठिकाणी मोजला जाऊ नये आणि दोन्हीकडून निसटूही नये, याची ही तजवीज.

गाडी येते ती आधी पायांना कळते, मग कानांना. इंजिन धापा टाकत थांबतं आणि वाफेचा उकाडा अंगावर येतो. विजेची गाडी या रुळांवर यायला अजून सात वर्षं आहेत, १९२८ पर्यंत. तोवर कोळसा. तुमच्या डोळ्यांत कण गेला ना? चोळू नका, पापणी ओढून धरा. उतरलेल्या सगळ्यांचे डोळे तसेच लाल आहेत. गिरण्यांतून, कचेऱ्यांतून परतलेली मंडळी, शुभ्र कोटांवर काजळीचे ठिपके. पार्ल्या-अंधेरीकडे शहरातली माणसं राहायला येऊ लागलीयत. हवा चांगली, भाडं कमी, विहिरीला पाणी.

“तिकडं शहरात किती भरतील हो?” एक हमाल विचारतो.

तुम्हाला उत्तर ठाऊक आहे. या रात्री मुंबई बेटावर ११,७५,९१४ माणसं मोजली जाणार आहेत. तुम्ही सांगता, अकरा-पावणेबारा लाख. हमाल डोक्यावरचं मुंडासं सैल करतो, अंधारात दक्षिणेकडे बघतो.

“मग तिकडंच राहू दे त्यांना,” तो म्हणतो.

हे वाक्य जपून ठेवा. सकाळच्या आठ बावन्नला आठवेल.

चकाला, एअरपोर्ट रोड, मरोळ

रूळ ओलांडले की रस्ता संपतो आणि पायवाट सुरू होते. मोटार नाही, हॉर्न नाही. रातकिडे इतके मोठ्यानं ओरडतायत की पहिली पाच मिनिटं तुम्हाला कुठेतरी जनरेटर चालू आहे असं वाटतं.

धूर मात्र आहे. शेतकरी राब भाजतायत. पावसात ज्या तुकड्यावर भाताचं रोप करायचं, तिथे शेण, पाचोळा, फांद्या पसरून मार्चमध्ये आग लावतात. आत्ता ज्वाळा विझल्यात, निखाऱ्यांची लाल शेतं उरलीत. मेट्रोत ज्याला तुम्ही ‘एअरपोर्ट रोड’ म्हणता, तिथे खाली जळणाऱ्या शेणाचा उबदार, गोडसर वास आहे आणि वर आभाळ. त्यात फक्त चांदण्या. लुकलुकणारं, सरकणारं काही नाही. सहारच्या शेतांवर एक दिवस धावपट्टी पडेल, असं आत्ता कुणी सांगितलं तर त्याची सोळाव्या रकान्यात नोंद होईल.

पुढे वाट दाखवायला गावचा महार आलाय. हातात मशाल, खांद्यावर घोंगडी, पाय अनवाणी. वय साठीचं असेल. तो बोलत नाही, फक्त मधेच थांबतो आणि मशाल खाली करतो. गवतात एक बसका दगड दिसतो.

“इथं चकाला सरली.”

तुम्हाला काहीच फरक दिसत नाही. अलीकडे धसकटं, पलीकडे धसकटं. त्याच्या पायांना मात्र कळतं. कुठल्या आंब्यापासून कुठल्या ओढ्यापर्यंत कुठलं गाव, कुठला बांध कुणाचा, कुठल्या पावसात कुणी दगड हातभर सरकवला, हे त्याला पाठ आहे. जिल्हा कलेक्टरचा, तालुका मामलेदाराचा, सजा तलाठ्याचा, गाव पाटलाचं. पण गावाची शीव अंधारात दाखवायला बोलावलं जातं त्याला. तलाठ्याच्या नकाशातली रेघ शेवटी याच्या पायांवरून काढलेली आहे.

मरोळच्या चावडीवर पाटील आणि मोजणीदार बसलेत. गावठाण मोजून झालंय. आता शेवटी वाडा, गावकुसाबाहेरचा. मोजणीदार अंगणाच्या कडेलाच उभा राहून मोठ्यानं प्रश्न विचारतो. ओट्यावर चढत नाही, बसत नाही, पाणी मागत नाही. मशालवाला आता स्वतःच्या दारात उभा आहे, आणि ज्याला आठ गावांच्या शिवा तोंडपाठ आहेत, त्याला विचारलं जातं, लिहिता-वाचता येतं? तो मान हलवतो. रकान्यात ‘नाही’.

वर टेकड्यांकडे, झाडीत, दोन-तीन मिणमिणते ठिपके दिसतात. ते वारल्यांचे पाडे. तिकडचा मोजणीदार संध्याकाळीच निघालाय, बरोबर ढोल वाजवायला एक पोरगा घेऊन. बिबट्यासाठी. ढोलाचा आवाज थांबत-थांबत येतोय, म्हणजे बिबट्याला अजून कुणाला मोजायचं नाही.

असल्फा

आता चढ. गुडघे बोलायला लागतात. पायाखाली मुरूम सरकतो, करवंदीच्या काट्यात पँट अडकते. टेकडीवरून उतरताना चांदण्यात काहीतरी लांबलचक, काळं, अजगरासारखं पडलेलं दिसतं. जवळ जा. लोखंडी नळ आहे, तुमच्या छातीएवढा उंच. दिवसभराचं ऊन खाऊनही हाताला गार लागतो. कान लावून बघा. आत घुमतंय, लांबवरून गाडी येत असल्यासारखं. तानसा तलावाचं पाणी शहराकडे चाललंय, १८९२ पासून रात्रंदिवस.

नळापासून हाकेच्या अंतरावर एक बाई विहिरीतून पोहरा ओढतेय. मार्चमध्येच विहीर तळाला गेलीय. पोहरा दगडाला घासत वर येतो, अर्धा गढूळ पाण्यानं भरलेला. ती नळाकडे बघतसुद्धा नाही. ते पाणी तिच्या गावातून जातं, तिच्या गावाचं नाही. तुम्ही ओंजळ पुढे करता. ती न बोलता ओतते. पाण्याला माती आणि पितळेची चव आहे. एवढी तहान लागली होती हे तुम्हाला पिताना कळतं.

घाटकोपर

शेवटच्या उतारावर वारा बदलतो. त्यात ओल आहे, खार आहे. घाटकोपरचे रूळ ओलांडून पूर्वेला गेलात की जमीन आरसा होते. मिठागरं. मैलोन्‌मैल चौकोनी खाचरं, त्यांत उथळ खारं पाणी, पाण्यात चंद्राचे शंभर तुकडे, आणि बांधांवर मिठाचे पांढरे ढीग, कुणीतरी शुभ्र तंबू ठोकल्यासारखे. हंगाम ऐन भरात आहे. बांधावरून चालताना तळपायाच्या ओरखड्यांत मीठ जातं आणि तुम्ही चंपाषष्ठीला नाचावं तसे नाचता. खोपटीतले मजूर हसतात. त्यांचे पाय मिठानं चिरून-चिरून घट्ट झालेत, आता त्यांना काही लागत नाही.

ही इथली शेवटची मोजणी. कंदिलाभोवती मच्छरांचा ढग. मजूर एकेक करून पुढे येतात, हाताची बोटं उलगडत नाहीत इतकी आखडलेली. जन्मजिल्हा? एक ठाणे सांगतो, एक कुलाबा, एक रत्नागिरी. मग एक बाई पदराखालचं बाळ पुढे करते. झोपलेलं आहे, मुठी आवळलेल्या, टाळूवर तेलाचा डाग. कच्च्या यादीनंतर जन्मलंय, म्हणून लाल शाईत.

“इथंच झालं?”

“हितंच. या खोपटीत.”

मोजणीदार बाराव्या रकान्यापाशी थबकतो, मग हळूच, वळणदार अक्षरात लिहितो: मुंबई उपनगर. लिहून झाल्यावर तो कागद जरा लांब धरून बघतो. सबंध रात्रीत तुम्ही भेटलेल्या माणसांत या जिल्ह्यात जन्मलेलं हे एकटं. त्याला दात नाहीत, नाव नाही, आणि जिल्ह्याची त्याला पडलेली नाही.

लांब कुठेतरी बाराचे टोले पडतात. टाक पुसले जातात, दौतींना बुचं बसतात. ३१ कोटी ८९ लाख माणसं एका रात्रीत कागदावर येऊन बसली. त्यांत लाल शाईतले तुम्ही एक. खिशातली चिठ्ठी चाचपून बघता. बोटांना गुळगुळीत कागद लागतो. डोळ्यांवर पांढरा उजेड येतो. दारं सरकतात.

परत घाटकोपर

हातात मेट्रोचं तिकीट आहे. बाहेर रिक्षांचे हॉर्न, वडापावच्या तेलाचा वास, माणसांचा लोंढा. कुणाचंतरी कोपर बरगडीत लागतं आणि तुम्हाला त्या हमालाची आठवण येते. तिकडंच राहू दे म्हणाला होता. ते सगळे इकडे आले.

वाळूतली ती रेघही जागेवर राहिली नाही. १९४५ साली उत्तर साष्टीतली, म्हणजे तेव्हाच्या ठाणे महालातली, ३३ गावं उपनगर जिल्ह्यात आली आणि पुढच्याच वर्षी त्यांतली आरे दूध वसाहतीची १४ गावं पुन्हा ठाण्याला गेली, माहेरी चार दिवस राहून आल्यासारखी. १९५० मध्ये अंधेरी, घाटकोपर बृहन्मुंबईत शिरलं; १९५७ मध्ये बोरिवली आणि मुलुंडही. ‘उपनगर जिल्हा’ हे नाव त्यात विरघळलं. ते पुन्हा वर आलं १ ऑक्टोबर १९९० ला: जिल्हा मुंबई उपनगर, कचेरी वांद्र्याला, तालुके तीन, अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला.

१९९०. आता आपला जन्माचा दाखला काढा. चाळिशीचे आहात ना? म्हणजे जन्म १९९० च्या आधीचा. तुम्ही जन्मलात तेव्हा हा जिल्हा नव्हता. मास्तर बरोबर होते. वर्षं चुकली असतील, पण तुम्ही एवढे घोडे, त्यात जन्मलेले नाहीच.

घरी पोचल्यावर फ्लॅटचा करारनामा काढून बघा. सुपर बिल्टअप आणि पार्किंगच्या मधे कुठेतरी, आजवर न वाचलेली ओळ असेल: मौजे आंबोली, किंवा मौजे मरोळ, किंवा मौजे किरोळ, तालुका अमुक. महसुलाच्या दफ्तरात या जिल्ह्यात अजून ८७ गावं आहेत. तलाठी आहे, सजा आहे, शीव आहे. ती त्या मशालवाल्याच्या पायांवरून काढलेली, आणि आता तुमच्या सोसायटीच्या पोडियमखालून जाते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची माणसं ९३,५६,९६२ भरली. त्यातली ग्रामीण किती? शून्य. गावं सत्त्याऐंशी, गावकरी कुणीच नाही.

आता पुन्हा मोजणी येतेय. कंदील नसेल, दौत नसेल. हातात फोन घेतलेलं कुणीतरी तुमच्या सोळाव्या मजल्यावर बेल वाजवेल. दार उघडा, पाणी विचारा. ओट्यावर बसवायची सोय नाही, निदान सोफ्यावर बसवा. आणि त्यानं विचारलं, “राहणार कुठले?” तर जिल्हा सांगायची घाई करू नका.

आधी गावाचं नाव सांगा. जिल्ह्याचं तो बघून घेईल.